त्या जहाजावरची पोरं

मृग लागून चार दिवस झाले होते. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि संध्याकाळी तसंच कोरडं निघून जायचं. 2024 चा जून. शाळेला अजून सुट्टी होती, म्हणून मोठीआईसोबत मी दारव्ह्याला खत आणायला गेले होते. कृषी केंद्रासमोर दुकान उघडायच्या आधीच चाळीसेक माणसं उभी होती. कुणाच्या हातात आधारची झेरॉक्स, कुणाच्या डोक्याला ओला दुपट्टा. आतून युरियाचा नाकात चढणारा वास येत होता आणि त्यातच बियाण्याला चोळलेल्या औषधाचा गोडसर वास मिसळला होता. अंगठा टेकवायचं मशीन दर दोन माणसांमागे बंद पडत होतं. आमचा नंबर लागला तेव्हा कळलं की डीएपी नाही. दुकानदार पोरगेलासा होता, सकाळपासून तेच तेच सांगून त्याचा घसा बसला होता. म्हणाला, "काकू, खत येऊनच नाई रायलं. तिकडं समुद्रात लढाई सुरू हाय. जहाजं अडकून पडले." मागून कुणीतरी सरकारला शिवी दिली, कुणी भावाचं विचारलं, एक म्हातारबा नुसतेच "पेरनी गेली" म्हणाले. मोठीआई मात्र काउंटरवर दोन्ही हात टेकवून तशीच उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मंग त्या जहाजावरच्या पोराईचं काय झालं?"

दुकानदारानं प्रश्न टाळला नाही, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. त्यानं खिशातून मोबाइल काढला, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरचे मेसेज अंगठ्यानं खाली-वर केले, बराच वेळ बघितलं. मग मान हलवून म्हणाला, "त्याइचं नाई येत काकू यात. मालाचंच येते."

आम्ही डीएपीऐवजी 20:20:0:13 या दुसऱ्या खताच्या दोन बॅगा घेतल्या आणि ऑटोत टाकल्या. रस्ताभर ती काही बोलली नाही, मीही नाही. पण ते वाक्य माझ्या अंगाला कुसळासारखं चिकटून राहिलं. मी भूगोल शिकवते. दरवर्षी वाहतुकीचा धडा आला की फळ्यावर लिहिते, जलमार्ग सर्वांत स्वस्त. पोरं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, त्यांना एक गुण मिळतो. त्या स्वस्तपणात कुणाची झोप जाते, हे त्या धड्यात नसतं आणि मीही ते कधी सांगितलेलं नव्हतं. मोठीआईचा धाकटा तेव्हा आफ्रिकेच्या खालून चालला होता.

धाकटा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमच्या घरातला समुद्र पाहिलेला पहिला माणूस. त्याच्या आधी आमच्या गावातून माणसं पुण्याला गेली, सुरतेला गेली, एक जण लष्करात गेला, पण पाण्यावर कुणी गेलं नव्हतं. बारावीनंतर त्यानं कुठूनतरी मर्चंट नेव्हीचं ऐकलं आणि ते डोक्यात घेतलं. पहिल्यांदा एका एजंटानं अडीच लाख घेतले, शिक्का मारलेला एक कागद दिला आणि फोन बंद केला. त्या कागदावरचा शिक्का मी नीट वाचला असता तर कळलं असतं. मी शिकलेली, घरात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हटलं, ठीक दिसतंय. त्या अडीच लाखांसाठी विहिरीकडचं एक एकर गेलं होतं. ते शेत आता दुसऱ्याचं आहे आणि त्याच्या धुऱ्यावरून जाताना मी अजून मान वर करत नाही. दुसऱ्यांदा मात्र मीच सगळं तपासलं. मान्यताप्राप्त संस्थेतलं सहा महिन्यांचं जीपी रेटिंगचं, म्हणजे साध्या खलाशाचं प्रशिक्षण, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, डॉक्टरी तपासणी, परवाना असलेली भरती कंपनी. 2018 मध्ये धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवून मी त्याला मुंबईला घेऊन गेले. पेटीत मोठीआईनं दिलेला ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एका पुरचुंडीत घरची माती. ती मी काढायला लावली नाही.

मोठीआईला महिने इंग्रजी कॅलेंडरात मोजता येत नाहीत असं नाही, पण ती मोजते पऱ्हाटीवरून, म्हणजे कापसाच्या पिकावरून. नऊ महिन्यांचा करार म्हणजे पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत. तो गेला तेव्हा डवरणी चालू होती, तर येईल तेव्हा उलंगवाडी झालेली असेल. पाते लागले की ती म्हणते, आता त्याचे तीन महिने झाले. पहिल्या वेचणीला सीतादही करताना पहिला कापूस झाडांना वाहते आणि त्याच वेळी आता अर्धं झालं असं पुटपुटते. मग 2020 आलं. तो जहाजावर चढला होता 2019 च्या दिवाळीनंतर, उतरायचा होता 2020 च्या पोळ्याला. बंदरं बंद झाली, विमानं बंद झाली, बदली माणसं येईनात. त्या वर्षाअखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकलेले होते. बातम्यांत ते आलं, पण तेव्हा सगळ्यांच्याच घरात काहीतरी अडकलेलं होतं. तो चौदा महिन्यांनी उतरला. मोठीआई तेव्हा म्हणाली, "याची तं फरदड घेतली बाप्पा त्याइनं." शेवटची वेचणी झाल्यावर झाड उपटायचं सोडून पुन्हा पाणी देऊन जे थोडंफार ओरबाडून घेतात, ती फरदड. झाडात काही उरत नाही आणि पुढच्या वर्षीची बोंडअळी तिथंच पोसते. पोराच्या चेहऱ्याकडे बघून मला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. विमानतळावरून आला, जेवला आणि दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होता.

तो काय काम करतो, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. गावात सगळे पगारच विचारतात. डॉलरात मिळतो का, दारू फुकट असते का, एवढंच. मुलगी बघायला गेलो तर तिच्या मामानं विचारलं, "पान्यावर काय करता जी तुमी दिवसभर?" तो म्हणाला, "गंज काढतो." मामांना ते उत्तर आवडलं नाही, सोयरीक पुढे गेली नाही. पण ते खरं होतं. लोखंडाला समुद्र रोज खातो आणि डेकवरचा माणूस रोज त्याच्याशी भांडतो. चिपिंग हॅमरनं गंजाचे पापुद्रे ठोकून काढायचे, घासायचं, प्रायमर लावायचा, रंग लावायचा, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा लाल डाग आलेले असतात. त्याचा तळहात मी एकदा हातात घेतला, तर मला वाटलं बाबांचाच हात आहे. डवरा धरून जिथं घट्टे पडतात तिथंच त्याच्या हाताला घट्टे होते.

त्याचं जहाज मालवाहू. डबे नाहीत, सुटा माल. कोळसा, गहू, खताचा दगड, जिप्सम, जे मिळेल ते. अशा जहाजाला पोटात मोठमोठे खण असतात, होल्ड म्हणतात. त्याच्या भाषेत सांगायचं तर आपली गावविहीर चौकोनी केली आणि अशा पाच विहिरी एका रांगेत मांडल्या, तसं. कोळसा उतरला आणि पुढच्या बंदरावर गहू भरायचा असला की मधल्या आठ-दहा दिवसांत ते खण झाडून, खाऱ्या पाण्यानं धुऊन, पुन्हा गोड्या पाण्यानं धुऊन, कोरडे करून ठेवायचे. भिंतीवरचा सुटा गंज खरवडून काढायचा. बंदरावर तपासनीस खाली उतरतो, हातानं भिंत पुसून बघतो. कोळशाची काजळी बोटाला लागली तर जहाज नापास, पुन्हा धुवा. आणि हे सगळं जहाज हलत असताना, सात-आठ पुरुष खोल, शिडीवर पट्टा बांधून. मी ऐकत होते आणि मला आमची पूर्वीची बळदं आठवत होती. नवी ज्वारी भरायच्या आधी आजी आम्हा पोरींना आत उतरवायची, कोपऱ्यातला जुना दाणा नखानं काढायला लावायची, मग शेणानं सारवायची. आत श्वास कोंडायचा, अंगाला खाज सुटायची, वरून आजीचा आवाज यायचा, "एक बी दाना राह्यला तं टोके लागतात." जगाला गहू खाऊ घालणाऱ्या त्या लोखंडी बळदात माझा भाऊ उतरतो आणि त्याला आजीचा तो आवाज ऐकू येतो, असं तो म्हणाला. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

बाकीचा दिवस पाळ्यांचा. चार तास पहारा, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. पण सुटीच्या आठ तासांतही काम निघतंच, नियमानं चोवीस तासांत दहा तास विश्रांती कागदावर लिहिलेली असली तरी. त्याची पाळी बारा ते चार. रात्री बारा ते पहाटे चार पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, अंधारात दुर्बीण घेऊन उभं राहायचं. उजेड लावायचा नाही, डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून. एखादा मासेमारीचा दिवा दिसला तर अधिकाऱ्याला सांगायचं. बहुतेक रात्री काहीच दिसत नाही. तो म्हणतो, जागलीला मचाणावर बसायचो तसंच आहे, फक्त रानडुक्कर येत नाही. बंदराला लागताना मात्र सगळे उभे. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मनगटाएवढा जाड दोर तुटून उसळला तर माणूस कापला जातो. हे त्यानं मला सांगितलं, मोठीआईला नाही. आम्हा दोघांत असे बरेच हिशेब साठले आहेत, तिला न सांगितलेल्या गोष्टींचे.

त्यातला सगळ्यात मोठा हिशेब 2024 च्या जानेवारीतला.

त्या करारावर तो ऑक्टोबरमध्ये चढला होता. पुढच्याच महिन्यात, 19 नोव्हेंबरला, लाल समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरनं उतरून गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज ताब्यात घेतलं. त्यानंतर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन. 23 डिसेंबरला तर आपल्या गुजरातच्या किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या केम प्लूटो या जहाजावर ड्रोन आदळला. मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. पण जॉर्डनचं अकाबा बंदर लाल समुद्राच्या आतल्या टोकाला आहे. तिथून खताचा दगड भरून भारताकडे यायचं तर सरळ वाट एकच, बाब-अल-मंदेब. त्या नावाचा अर्थ अश्रूंचं दार, आणि रुंदी तीसेक किलोमीटर. म्हणजे दारव्ह्याहून यवतमाळ जेवढं लांब, त्याहूनही कमी. अकाबात असताना कॅप्टननं सगळ्यांना मेसमध्ये बोलावलं आणि कागद ठेवले. युद्धाच्या टापूत जायला खलाशी नकार देऊ शकतो. नकार दिला तर कंपनीनं त्याला स्वतःच्या खर्चानं घरी पाठवायचं. होकार दिला तर त्या टापूत असेपर्यंत मूळ पगार दुप्पट. दोघांनी नाही म्हटलं. धाकट्यानं सही केली.

मला त्यानं एवढाच मेसेज केला, "ताई, आठ दिवस नेट नाही. आईला सांग दुरुस्ती चालू आहे." मी तसं सांगितलं. शाळेत मुलांचे सराव पेपर तपासत होते आणि प्रत्येक तासाला मोबाइलवर तोच नकाशा उघडत होते, ज्यावर जहाजांचे छोटे बाण दिसतात. त्याचं जहाज एका संध्याकाळी त्या नकाशावरून नाहीसं झालं. यंत्रणा मुद्दाम बंद करतात, जहाज ओळखू येऊ नये म्हणून, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत नव्हतं. रात्री मी घरात कुणालाही न उठवता ओसरीवर बसून होते. समोर विकायचा राहिलेला कापूस खोलीत छतापर्यंत भरलेला, दाराच्या फटीतून थोडा बाहेर आलेला. भाव वाढेल म्हणून थांबलो होतो. चांदण्यात तो पांढरा ढीग बघत मी तो आठवडा काढला.

तिथं काय झालं हे त्यानं पोळ्याला घरी आल्यावर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांत. दक्षिणेला जाताना येमेन डाव्या हाताला येतो, म्हणून डाव्या बाजूच्या केबिनमधल्या पोरांनी गाद्या उचलून उजव्या बाजूच्या गल्लीत टाकल्या. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले, वरून काळा कपडा. डेकवर जायला बंदी. आग विझवायच्या नळ्या अंथरून ठेवलेल्या, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट उशाशी. सोमाली चाच्यांची भीती असायची तेव्हा सगळ्यांनी पळून इंजिनरूममध्ये दार लावून बसायचं, असं शिकवलं होतं. पण इथं खालीही भीती, वरही भीती, मग नेमकं कुठं लपायचं यावर मेसमध्ये वाद झाला. भांडारात बिर्याणीचं सामान होतं, कुकनं ती केली आणि कुणी खाल्ली नाही. त्याची पाळी नेहमीचीच, बारा ते चार. दुर्बीण घेऊन डावीकडे बघत उभा राहिला. "काय दिसलं?" मी विचारलं. म्हणाला, "काईच नाई ताई. किनाऱ्यावर गावाचे दिवे होते. आपल्यासारखेच, पिवळे." मग थोड्या वेळानं, "मले वाटलं, तिथंबी कोनाची माय जागी असन."

त्या दुप्पट पगारातून बोअरची मोटर बदलली. मोठीआईला वाटतं ती बोनसची आहे. मोटर सुरू झाली की तिच्या आवाजानं मला बरंही वाटतं आणि पोटात काहीतरी हलतंही. ते पैसे नको होते असं मी म्हणू शकत नाही. पाणी लागतंच.

कृषी केंद्रातल्या त्या दिवसानंतर मी रात्री-रात्री वाचत सुटले. मला काय शोधायचं होतं ते नीट सांगता येत नाही. बहुधा एवढंच की आमचा आणि जहाजांचा संबंध धाकट्यापासून सुरू झाला की आधीपासून होता. आणि तो आधीपासूनच होता. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या वऱ्हाडी कापसाला 'ऊमरा' म्हणत. उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. सुएझ कालवा तेव्हा व्हायचा होता, तो 1869 चा. म्हणजे आमच्या शेतातला कापूस बंड्यांतून, बैलांच्या पाठीवरून, पुढे रेल्वेनं मुंबईला आणि तिथून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालत इंग्लंडला जात होता. ज्या वाटेनं खापरपणजोबांचा कापूस गेला असेल त्याच वाटेनं आता खापरपणतू चालला होता, आणि दोन्ही वेळा कारण एकच, कुठंतरी लढाई. तेव्हा भाव चढले, लोकांनी दागिने केले, कर्जं काढली, आणि लढाई थांबल्यावर भाव कोसळले. आमच्याकडे लढाई नेहमी अशीच येते, भाव होऊन. 2022 मध्ये काळ्या समुद्रात जहाजं अडकली तेव्हा ती सूर्यफुलाच्या तेलाच्या डब्यावर बसून आली होती.

माझे आजोबा जिनिंगमध्ये हमाल होते. दारव्हा मोतीबागेच्या स्टेशनवर शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या डब्यात कापसाच्या गठाणी चढवायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट मला पक्की आठवते. गठाणीला आग लागली तर ती दिसत नाही. दाबून-दाबून बांधलेल्या कापसात ठिणगी आतल्या आत फिरते, दोन-दोन दिवस फिरते. वरून पाणी मारलं तर ते वरच्या वर वाहून जातं. गठाण फोडून, पसरून, आतला निखारा हातानं शोधावा लागतो. "कापसाची आग लाजरी असते," म्हणायचे, "तोंड दाखवत नाई." हे मला आठवलं ते 14 एप्रिल 1944 चं वाचताना. जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी मी असते, पण त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत काय झालं होतं, ते मला इतकं तपशिलात माहीत नव्हतं. फोर्ट स्टिकिन नावाचं मालवाहू जहाज. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गठाणी. युद्ध चालू, जहाजं कमी, म्हणून जे एकत्र ठेवू नये ते एकत्र ठेवलेलं. दुपारी कापसातून धूर यायला लागला. बंबवाल्यांनी पाणी मारलं, मारत राहिले, आणि आग सापडली नाही. चारच्या सुमारास जहाज फुटलं, थोड्या वेळानं पुन्हा फुटलं. आठशेच्या वर माणसं गेली, त्यात 66 अग्निशामक जवान. त्यांच्या आठवणीत अजून 14 एप्रिलपासूनचा आठवडा पाळतात. गठाणी वऱ्हाडातल्या नव्हत्या. पण त्या पाण्याचं काय झालं असेल हे आमच्या आजोबांना न बघता सांगता आलं असतं.

त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर जवळपास दर चौथा माणूस आपल्याकडचा होता. रत्नागिरीचा, गोव्याचा, सिल्हेटचा, पंजाबचा. त्यांच्या कामांची नावं वाचताना मला ती ओवीसारखी वाटली. सारंग, टंडेल, सुखानी, कसाब, भंडारी, आगवाला. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. 1939 च्या शेवटी त्यांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले, तुरुंगात गेले, तेव्हा कुठं थोडा वाढला. ताफा करून जहाजं जायची, सगळ्यांत हळू जहाजाच्या चालीनं, दिवे मालवून. टॉर्पेडो लागला की इंजिनाशी, भट्टीशी असलेल्यांना वर यायला वेळच मिळत नसे, आणि भट्टीशी बहुतेक आपलेच. सहा हजारांहून जास्त गेले. ते सैनिक नव्हते. कुणाचा चहा, कुणाचं धान्य, कुणाचा कापूस पोचवत होते. त्यांच्याही गावातल्या दुकानात कुणीतरी विचारलं असेल आणि दुकानदारानं वर्तमानपत्र उलटून बघितलं असेल.

वाचता-वाचता मला मोठीआईच्या प्रश्नाचं एक उत्तर सापडलं. रुबीमार नावाचं जहाज. 2024 च्या 18 फेब्रुवारीला बाब-अल-मंदेबजवळ त्याला क्षेपणास्त्र लागलं, दोन आठवडे ते पाण्यावर कलंडत राहिलं आणि 2 मार्चला बुडालं. पोटात 21,000 टन खत. ते आमच्याकडे येत नव्हतं, दुसऱ्याच देशाला चाललं होतं. पण खत होतं, आणि माणसं 24, त्यांत आपलीही काही पोरं. सगळी वाचली. दुसऱ्या एका जहाजानं त्यांना उचललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गावात गेले. मोठीआई अंगणात बसून 20:20 च्या बॅगेची शिवण उसवत होती, दोरा तुटू न देता, कारण तो दोरा नंतर कामाला येतो. मी सांगितलं, खताचं एक जहाज बुडालं होतं, पण त्यावरची चोवीसच्या चोवीस पोरं सुखरूप घरी गेली. तिनं दोरा बोटाला गुंडाळला. म्हणाली, "चोवीसबी?" मी म्हटलं, "हो, चोवीसबी." मग तिनं विचारलं, "आन बाकीच्या जहाजायवरचे?"

6 मार्चला ट्रू कॉन्फिडन्सवर क्षेपणास्त्र आदळलं, त्यात तिघं गेले. दोन फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकातानं बाहेर काढलं. आणि आमची खताची फेरी व्हायच्या एक-दोन दिवस आगेमागेच ट्यूटर नावाच्या जहाजाच्या इंजिनरूमवर स्फोटकांनी भरलेली बिनमाणसाची बोट आदळली होती. एक खलाशी आतच राहिला. हे सगळं मला तोपर्यंत पाठ झालं होतं. मी म्हटलं, "त्याइचं नीट कळलं नाही." दुकानदारानं तिला खरं सांगितलं होतं. मी नाही सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटाच होता, चित्रासकट. मागे राखाडी पाणी आणि तिरपं झालेलं आभाळ, अंगात जाड जॅकेट. काळ्या समुद्राकडून गहू घेऊन निघाले होते. तिथं तरंगते सुरुंग बघायला पुढच्या टोकावर माणूस उभा करत होते, तेही तो बोलून गेला आणि मग गप्प झाला. आता आफ्रिकेच्या टोकाशी, केपजवळ आहोत, इकडं हिवाळा आहे, जहाज खूप हलतंय, रात्री अंथरुणात स्वतःला उशांनी दाबून झोपावं लागतं, असं हसत सांगत होता. आवाज तुटत होता. मोठीआईनं मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, जसं काही तिला त्याच्या पाठीमागचं पाणी नीट बघायचं होतं.

"तुह्या जहाजात खत हाय का रे बापू?"

"नाई माय, गहू हाय."

"बरं." थोडा वेळ ती थांबली. तिच्या मांडीवर ती अर्धी उसवलेली बॅग होती आणि पश्चिमेकडून पहिल्यांदाच ओला वारा येत होता. "ज्याइच्या जहाजात खत हाय ना, थ्या पोराईले सांग. म्हना, घाई नोका करू. वळसा पडला तं पडू द्या. आमी थांबतो म्हना."

पेरणी कुणासाठीही थांबत नाही, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.